एकच घरघंटी, कुणाचे पाच तारे तर कुणाचा एक

घरघंटी, म्हणजे घरीच दळण दळायचं विजेचं यंत्र, घ्यावी का, असं ठाण्यात किंवा नवी मुंबईत चार घरांत विचारलं की चार उत्तरं येतात. "घेतल्यापासून गिरणीची पायरी चढले नाही." "पोळ्या वातड होतात, विकून टाकली." "खालचे लोक बेल वाजवायला येतात." "लेकीसाठी ही नसती तर आमचं काय झालं असतं!" चौघीही खरंच बोलत असतात, आणि बरेचदा चौघींकडचं यंत्र एकाच प्रकारचं असतं: उभं, कपाटासारखं, चाकं लावलेलं, १ एचपी मोटरचं, साधारण १५ ते २२ हजारांना मिळणारं. परीक्षण त्याच प्रकाराचं आहे. मतं नेमकी कुठे फुटतात आणि का, हेही सोबत सांगतो. समोरच्या घरात काय दळलं जातं आणि आधी दळण कुठून यायचं, हे माहीत नसेल तर त्यांचे तारे तुमच्या काहीच कामाचे नाहीत.

घंटी म्हणजे गुजरातीत जातं, आणि यातली बरीच यंत्रं राजकोटकडची असतात. नाव जात्याचं असलं तरी उभ्या घरघंटीच्या आत दगड नसतो. स्टीलच्या गोल डब्यात पाती भन्नाट वेगाने फिरतात, दाणा त्यांच्यावर आपटून फुटतो आणि जाळीच्या छिद्रातून निघण्याइतका बारीक झाला की खालच्या डब्यात पडतो. किती बारीक दळायचं ते जाळीवर ठरतं. यंत्रासोबत ६ ते ८ जाळ्या येतात. त्यांचे नंबर कंपनीगणिक बदलतात, कुठे ० सगळ्यात बारीक तर कुठे १, म्हणून शेजारणीने "२ नंबर लाव" म्हटलं तरी आपल्या जाळ्या उजेडात धरून छिद्रं बघूनच लावावी. कोपऱ्यावरच्या गिरणीत मात्र दोन जाड दगडांपैकी एक फिरतो आणि दाणा त्यांच्यामध्ये घासला जातो.

पोळीचं सगळं भांडण या घासण्या-आपटण्यातून सुरू होतं. दगडाखाली गव्हातले स्टार्चचे कण चिरडले जातात आणि चिरडलेला कण पाणी जास्त पितो. गिरणीचं पीठ म्हणूनच भरपूर पाणी घेतं, कणीक लगेच मऊ होते आणि पोळी डब्यात दुपारपर्यंत लुसलुशीत राहते. पात्यांखाली दाणा तुटतो, पण तितका चिरडला जात नाही, शिवाय कोंड्याचे तुकडे जरा मोठे राहतात. आता वर्षानुवर्षं गिरणीच्या पिठाची सवय असलेला हात घरच्या पिठात तेवढंच पाणी घालतो. कणीक सैल होते, म्हणून वरून कोरडं पीठ भुरभुरलं जातं, पोळी लाटताना आणखी पीठ लागतं आणि तव्यावरून उतरते ती कडक. ठपका यंत्रावर येतो.

यावर उपाय आहे. गव्हाला सगळ्यात बारीक जाळी लावा. दळलेलं पीठ गरम असताना झाकू नका, परातीत पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर डब्यात वाफ धरते. मळताना पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घेऊन सुरुवात करा, कणीक घट्टसरच ठेवा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा ते पाऊण तास झाकून ठेवा. कोंड्याला पाणी प्यायला तेवढा वेळ लागतोच. मग तेलाच्या हाताने पुन्हा तिंबा आणि तेव्हा लागलं तर पाण्याचा हबका मारा. गहूही बघून घ्या. लोकवन किंवा सिहोर यंत्रात सुरळीत दळला जातो. खपली गव्हाची कणीक मुळातच कमी ताणली जाते, तेव्हा खपलीच्या पोळीवरून यंत्राला नावं ठेवू नयेत. हे सगळं नीट केलं तरी घडीची पोळी गिरणीच्या पिठाच्या पोळीपेक्षा उन्नीस-बीस राहते, आणि ज्या घरात सकाळी सहाला डबे भरायचे असतात तिथे अर्धा तास कणीक झाकून ठेवायला वेळ कुणाला आहे? तिथला तक्रारीचा सूर आम्हाला पूर्ण पटतो. घरात फक्त गहूच दळला जात असेल आणि चांगली गिरणी खाली उतरल्यावर समोरच असेल, तर हे यंत्र घेऊ नका.

भाकरी करणाऱ्या घरात चित्र उलटं होतं. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारं प्रथिन, नाही. भाकरी एकसंध राहते ती ताज्या पिठाच्या चिकटपणावर आणि गरम पाण्यावर. पीठ जुनं झालं की विरी जाते, म्हणजे तो चिकटपणा संपतो, मग थापताना कडा चिरतात आणि उचलताना भाकरीचे दोन तुकडे हातात येतात. बाजरीची अडचण आणखी वेगळी. तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो आणि एकदा दाणा फुटला की ते तेल बिघडायला लागतं, म्हणून आठ-दहा दिवसांत पीठ कडवट लागतं. खाडीकाठच्या दमट हवेत त्याहून लवकरही. गिरणीत चार-पाच किलोचं दळण न्यावं लागतं आणि तिघांच्या घरात तेवढी बाजरी संपता संपत नाही. घरघंटीत रविवारी १ किलो मालदांडी ज्वारी, बुधवारी अर्धा किलो बाजरी, असं हवं तेव्हा हवं तेवढं दळता येतं. खानदेशातून ऐरोली-घणसोलीत येऊन राहिलेल्या घराला कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद घालून आपल्या प्रमाणात दळता येतो, गिरणीवाल्याला समजावत बसावं लागत नाही. सोलापूर, मराठवाडा, खानदेशकडचं माणूस या यंत्राला पाच तारे देतं ते यासाठी. पोळी-भातावर वाढलेलं माणूस त्याच यंत्राला तीन देतं. जिभेवरचं गाव वेगळं असतं.

भाकरीसाठी जाळी मात्र अगदी बारीक नको. सगळ्यात बारीकच्या वरची एक लावावी. राजगिऱ्याला उलट बारीकच हवी, कारण दाणा मुळातच मिलिमीटरभराचा. जाड जाळीतून तो न फुटता सरळ खाली येतो आणि दळायचा राहतो.

आता त्या लेकीच्या, चौथ्या उत्तराकडे येतो, कारण घरघंटीचं खरं मोल तिथे आहे. सीलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाला गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये असा नियम आहे. ते किती कमी, याचा ढोबळ हिशेब करून बघा. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा आणि त्यात साधारण दहावा भाग ग्लुटेन, म्हणजे ४ मिलिग्रॅम. १ किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठली. गिरणीच्या दगडावर, पन्हाळीत, पिशवीच्या शिवणीत आधीच्या दळणाचं १० ग्रॅम गव्हाचं पीठ जरी राहिलं आणि त्यावर तुमची किलोभर ज्वारी पडली, तरी मर्यादेच्या पन्नास पट ग्लुटेन त्यात आलं. गिरणीवाला कितीही भला असो, "झाडून देतो ताई" म्हणाला तरी इतकं झाडता येत नाही.

अशा घराला गिरणीच्या पिठाची पोळी कशी मऊ होते हे सांगण्यात अर्थ नाही. पण यंत्र घेतलं म्हणजे प्रश्न सुटला, असंही समजू नका. त्यात पहिल्या दिवसापासून गव्हाचा एक दाणाही जाता कामा नये. "बाकीच्यांचा गहूही त्यातच दळू, नंतर पुसून घेऊ" हे चालणार नाही. जाळीच्या मागे, दाराच्या रबराखाली आणि हवेच्या कापडी पिशवीत पीठ उरतंच. जुनं, कुणीतरी वापरलेलं यंत्र तर घेऊच नये. दुकानात प्रात्यक्षिकासाठी गहू दळून दाखवलेलं यंत्रही नको, खोक्यातलं बंद यंत्र मागा. आणि ज्वारी-बाजरी आणल्यावर ताटात पसरून निवडा, कारण वाण्याकडे मापं आणि पोती एकमेकांशेजारीच असतात.

उपवासाच्या दळणाचंही असंच, फक्त तिथे कारण श्रद्धेचं असतं. आषाढी किंवा नवरात्राच्या आधी वरई, राजगिरा, साबुदाणा घेऊन बायका गिरणीत थांबतात, आधी तांदळाचं दळण होऊ दे मग माझं टाक म्हणतात. गव्हावर उपवासाचं दळायचं नाही हा नेम कुणाला जुनाट वाटेल, पण तो पाळणाऱ्या बाईला घरघंटीने जो निवांतपणा दिलाय तो खरा आहे आणि तारे देताना तिने तो मोजला तर बरोबरच आहे. घरीही मूठभर वरई आधी फिरवून ती बाजूला काढावी, मग मुख्य दळण टाकावं. दाराबाहेर पक्ष्यांना ती चालते.

पैशांचं बोलू, कारण दुकानदार तिथूनच सुरुवात करतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. पूर्ण भारावर मोटर प्रत्यक्षात ९०० ते १००० वॅट ओढते. बारीक जाळीवर तासाला ७-८ किलो गहू दळला जातो, म्हणजे किलोला युनिटचा आठवा भाग. महावितरणचं युनिट तुम्हाला सगळे आकार धरून १० रुपयांना पडत असेल तर किलोला सव्वा रुपया. गिरणीचा दर किलोला १० रुपये धरा. महिन्याला १५ किलो दळणाऱ्या घराचे १३० रुपये वाचतात. १८ हजारांचं यंत्र त्या बचतीतून वसूल व्हायला अकरा वर्षांहून जास्त लागतात, दुरुस्ती न धरता. "दोन वर्षांत पैसे वसूल" असं सांगणाऱ्याला हा हिशेब मांडून दाखवा. ताजं पीठ, भेसळ नाही ही खात्री, पथ्य, नेम, किंवा डबा उचलून चार जिने न उतरण्याची सोय, यातलं काही तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल तरच पैसे घाला.

गिरणीची बाजू इथेच मांडली पाहिजे. नौपाडा, पाचपाखाडीसारख्या जुन्या वस्तीत गिरणी हाकेवर असते. तिथला माणूस पन्हाळीखाली हात धरून चिमटीत पीठ चोळतो आणि दगड कसतो किंवा सैल करतो. डाळीवर डाळ, तांदळावर तांदूळ हा क्रम तो स्वतः सांभाळतो, दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीने टोचून धार काढली असेल त्या दिवशी पहिलं दळण तुमचं घेत नाही. असा गिरणीवाला असताना घरघंटी घेणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय, असं म्हणणारी माणसं आहेत आणि ते म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घोडबंदर रोडवरच्या तिसाव्या मजल्यावरून आणि गिरणीच्या शेजारच्या वाड्यातून तोच प्रश्न वेगळा दिसणारच.

जागा आणि आवाज. यंत्राला दोन बाय दीड फूट जमीन लागते आणि ते कमरेच्या जरा खाली-वर येतं. वजन ४०-४५ किलो, तेव्हा सण झाला की माळ्यावर टाकू हा विचार सोडा. सिडकोच्या एका खोलीच्या घरात ही जागा म्हणजे घडीच्या पलंगाची जागा. आवाज मिक्सरसारखाच, पण मिक्सर दोन मिनिटांत थांबतो आणि हे अर्धा-पाऊण तास चालतं. गिरणीत उभं राहून दळण आणलेल्या माणसाला हा आवाज किरकोळ वाटतो. पलीकडच्या खोलीत तान्हं बाळ असलेल्या घराला तो असह्य होतो. खाली जाड रबरी चटई घाला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला तर लावूच नका. दुपारी २ ते ४ आणि रात्री ९ नंतर दळू नका. एवढं पाळलं की बहुतेक तक्रारी मिटतात. ड्राय बाल्कनीत ठेवण्याची फॅशन आहे, पण जून ते सप्टेंबर ती बाल्कनी कोरडी राहत नाही. भिंतीला ओल आली की मोटर आणि पीठ दोन्ही बिघडतात.

पावसाळा हा या यंत्राचा सगळ्यात मोठा शत्रू. दमट दाणा फुटत नाही, चेपतो, जाळीच्या छिद्रांत लापशीसारखा बसतो, पीठ गरम येतं आणि शेवटी मोटर बंद पडते. दाणा दाताखाली धरून बघा. कट् असा आवाज होऊन तुटला तर दळायला योग्य, चेपला तर नाही. ऊन नसेल तर रात्रभर पंख्याखाली चादरीवर पसरा किंवा कढईत मंद आचेवर हाताला गरम लागेपर्यंत परता आणि पूर्ण निवल्यावर दळा. मोदकाच्या पिठीसाठी धुतलेला तांदूळ सावलीत खडखडीत वाळलेला हवा. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी अर्धवट वाळलेला तांदूळ टाकला की जाळी बंद पडणार हे नक्की.

वर्षाचे गहू एरंडेल लावून भरलेले असतील तर ते चालतात, पण हात आखडता हवा. तेलकट दाणा जाळीवर थर धरतो. दर दोन-तीन दळणांनंतर जाळी काढून कोरड्या ब्रशने घासा, पाण्याने कधीच नाही. बोरिक पावडर लावलेल्या डाळी-तांदूळ धुऊन वाळवल्याशिवाय दळायचे नाहीत, ते पोटात जाणार असतं. शेंगदाणे, तीळ, खोबरं यात घालू नका, लगदा होतो. हळकुंडं आणि मिरची काही कंपन्या चालते म्हणतात. आमचा सल्ला, कांडप गिरणीतच न्या. मिरचीचा ठसका पुढच्या तीन दळणांना येतो आणि उपवासाचं पीठ तिखट लागतं.

दिवाळीच्या दळणात मात्र हे यंत्र उठून दिसतं. लाडवासाठी रवाळ बेसन हवं, शेवेसाठी बारीक. हरभरा डाळ आधी मधल्या जाळीतून काढा. त्यातलं लाडवाचं बाजूला ठेवा, उरलेलं बारीक जाळीतून पुन्हा काढा. दोनदा दळल्याने मोटरवर ताणही येत नाही. चकलीची भाजणी तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद डाळ १ या मापाने, वर धणे-जिरे. भाजल्यावर निदान दोन तास निवू द्या. कोमट भाजणी टाकली तर पीठ डब्यात घाम धरतं आणि चकली मऊ पडते.

चालवताना क्रम चुकवू नका. यंत्र रिकामं सुरू करा, मोटरने वेग घेतला की मगच धान्याची खिटी हळूहळू उघडा. शेवटी खिटी बंद करून दोन मिनिटं नुसतं फिरू द्या. धान्य आत असताना वीज गेली तर डबा उघडून दाणे काढल्याशिवाय बटण दाबू नका. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. लगेच बंद करा, कारण तसंच धरून ठेवलं की वायंडिंग जळतं. प्लग काढून आत खडा किंवा दाणा अडकलाय का बघा. तसं काही नसेल तर बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त भाग आहे, मेकॅनिक "मोटर बदला" म्हणाला तर आधी कॅपॅसिटर बदलून बघायला सांगा. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा, अर्थिंग तपासलेलं हवं. एक्स्टेंशन वायरवर चालवलं की वायर तापते आणि मोटरला पुरेसा दाब मिळत नाही.

दाराच्या फटीतून पीठ उडायला लागलं तर दोष बहुधा कापडी पिशवीचा. ती दर दळणानंतर झटका, महिन्यातून एकदा धुवा आणि पुरती वाळल्यावरच लावा. ओलसर पिशवीतून हवा बाहेर पडत नाही, मग ती पीठ घेऊन दुसरी वाट शोधते. घरात दम्याचा त्रास असणारं कुणी असेल तर पिशवी झटकायचं काम त्यांच्याकडे देऊ नका, तेही गच्चीवर किंवा खिडकीबाहेर करा. आणि आठ दिवस यंत्र वापरणार नसाल तर शेवटी मूठभर कोरडा तांदूळ फिरवून काढा, ब्रशने कोपरे झाडा, तासभर दार उघडं ठेवा. पावसाळ्यात उरलेल्या पिठात पोरकिडे व्हायला वेळ लागत नाही, आणि ते एकदा झाले की थेट वरच्या धान्यापर्यंत जातात.

विकत घेण्याआधी एक करा. दुकानात त्यांचा चकचकीत, वाळवलेला गहू दळून दाखवतात, त्यावर जाऊ नका. घरून किलोभर तेच धान्य न्या जे तुमच्याकडे सगळ्यात जास्त लागतं: जांभळी नाक्यावरून किंवा वाशीच्या धान्य बाजारातून तुम्ही एरवी आणता तीच ज्वारी, तोच गहू. ग्लुटेनचं पथ्य असेल तर ही चाचणी दुकानातल्या नमुन्याच्या यंत्रावर करा आणि ते पीठ पथ्य असलेल्या माणसाला न देता घरच्या बाकीच्यांनी खा. जाळी स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून बघा, कारण ते काम आठवड्याला तुम्हीच करणार आहात. पीठ घरी आणून दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या घाईत, नेहमीच्या माणसालाच पोळी किंवा भाकरी करायला द्या. बाजरी असेल तर थोडं पीठ वाटीत झाकून ठेवा आणि आठव्या दिवशी चाखून बघा.